पगारी पीएचडीची जागा: लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातल्या एका विद्यार्थिनीचं आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात ती भूशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पगारी पीएचडी संशोधक म्हणून रुजू झाली. मधल्या काळात काय घडलं, निर्णय कुठे अडले आणि कशाच्या बळावर सुटले, ते इथे सविस्तर मांडतो. बी.एस्सी.ला ती माझ्या वर्गात होती. पुढे अर्जांचे मसुदे माझ्याकडे वाचायला यायचे, म्हणून हे सगळं जवळून पाहता आलं. तिच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसं आणि तिचा संबंध आलेली विद्यापीठं यांची नावं दिलेली नाहीत, काही तपशीलही बदलले आहेत.

पार्श्वभूमी

घरी तीन एकर कोरडवाहू. सोयाबीन आणि तूर. वडील चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेत गेलेली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा ती अकरावीला लातुरात खोली करून राहत होती. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. सुटीत गावी गेल्यावर तिला दिसायचं की एका शेतातली विहीर आटलेली आहे आणि दोन बांध ओलांडले की दुसरीत मे महिन्यातही पाणी आहे. हे असं का, हा प्रश्न तिने पुढे एम.एस्सी.च्या प्रबंधाला घेतला.

मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. वरचा मुरूम, मधला मांजऱ्या खडक, खालचा काळा पाषाण आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची पट्टी. पाणी साठतं ते मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाच्या भेगांत. त्यामुळे शंभर फुटांवर चित्र बदलतं. तिने गावच्या ओढ्याच्या पाणलोटातल्या चाळीसेक विहिरी निवडल्या आणि वर्षभर दर महिन्याला टेप सोडून पाण्याची पातळी मोजली. सोबत पाण्याचा क्षारही मोजला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. एका पाणलोटात इतक्या दाटीने, दर महिन्याला केलेल्या नोंदी सहसा कुणाकडे नसतात. पण त्या वेळी तिला स्वतःला याचं काही विशेष वाटत नव्हतं.

एम.एस्सी.ला ७.६ सीजीपीए. नेट झालेली नव्हती. विभागातल्या सल्ल्याने 'आंतरराष्ट्रीय जर्नल'मध्ये पैसे भरून छापलेले दोन लेख होते.

अडचण नेमकी काय होती

तिच्या डोक्यात 'परदेशात पीएचडीला ॲडमिशन' असं चित्र होतं. फॉर्म भरायचा, गुणांवर यादी लागते, नंबर लागला की फी भरायची, फीसाठी शिष्यवृत्ती शोधायची. आपल्याकडे बारावीपासून एम.एस्सी.पर्यंत सगळं असंच चालतं, त्यामुळे दुसरं काही सुचणंही कठीण.

नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क इथे आणि जर्मनीतही बऱ्याच ठिकाणी पीएचडी करणारा माणूस विद्यापीठाचा किंवा संशोधन संस्थेचा कर्मचारी असतो. एखाद्या प्राध्यापकाला प्रकल्पासाठी निधी मिळतो, त्यात तीन किंवा चार वर्षांच्या पगाराची तरतूद असते, मग नोकरीची जाहिरात निघते. जाहिरातीत काम नेमकं काय आहे ते लिहिलेलं असतं. मुलाखत होते, एकाची निवड होते. तिथे ७.६ की ८.२ याने फार फरक पडत नाही. हे काम हा माणूस करू शकेल का, एवढंच पाहिलं जातं. गुणांची शंका तिला बराच काळ छळत होती म्हणून आम्ही जर्मनीत वापरतात ते बव्हेरियन सूत्र लावून पाहिलं. कमाल १०, उत्तीर्ण होण्यासाठी ४ धरले तर ७.६ चे २.२ होतात आणि जर्मन पद्धतीत तो 'चांगला' शेरा आहे. त्या दिवसापासून गुणांचा विषय बंद झाला.

अमेरिकेचं गणित निराळं. तिथे पीएचडीचा प्रवेश विभाग देतो, अर्ज बहुतेक डिसेंबरात बंद होतात, पुढचं सत्र ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं आणि दर अर्जाला फी असते. शिक्षण शुल्क माफ होऊन अध्यापन किंवा संशोधन सहायक म्हणून पैसे मिळू शकतात. पण आठ-दहा ठिकाणच्या अर्जांची फी भरणंच तिला शक्य नव्हतं. युरोपातल्या नोकरीच्या जाहिरातींना अर्जाचे पैसे लागत नाहीत, हे तिच्या निवडीमागचं अगदी साधं कारण होतं.

समोरचे पर्याय

ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही बसून वाटा मांडल्या. पहिली, इथेच राहायचं: सीएसआयआर-यूजीसी नेट देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची मासिक वृत्ती, मिळवायची किंवा विद्यापीठाची पेट, म्हणजे पीएचडी प्रवेश परीक्षा, देऊन नोंदणी करायची. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली, म्हणजे ही वाट पैशाच्या दृष्टीनेही कमी नव्हती. आईवडिलांचा कल इकडे होता.

दुसरी वाट सरकारी परदेश शिष्यवृत्तीची. ती अनुसूचित जातीची असल्याने राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तिला खुली होती. पदव्युत्तर आणि पीएचडी मिळून ७५ जागा आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत बरंच वर असण्याची अट. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ही मर्यादा ५०० पर्यंत होती. दोन्हींत आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो.

तिसरी वाट पगारी जागेची: युरॅक्सेस, नेदरलँड्सचं ॲकॅडेमिकट्रान्सफर, नॉर्वेचं जॉबनॉर्ज अशा संकेतस्थळांवर जाहिराती पाहून अर्ज करायचे. यातच युरोपीय संघाची मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क येतात, म्हणजे संघाच्या निधीतून अनेक संस्थांनी मिळून काढलेल्या पगारी पीएचडीच्या जागा. त्यात उमेदवार कोणत्याही देशाचा चालतो. अट एवढीच की ज्या देशात जागा आहे तिथे नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तो १२ महिन्यांहून जास्त राहिलेला नसावा आणि त्याच्याकडे आधीच डॉक्टरेट नसावी. लातूरच्या मुलीला ही अट आड येत नाही.

चौथी वाट स्वतःहून आली. पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीने 'हमखास पीएचडी प्रवेशा'चे दीड लाख रुपये सांगितले. वडील जमिनीवर कर्ज काढायला तयार झाले होते. ती कंपनी जे दाखवत होती ते सगळे स्वखर्चाचे अभ्यासक्रम होते आणि स्वखर्चाच्या पीएचडीत प्रवेश मिळवणं फार अवघड नसतंच. ही वाट आम्ही त्याच दिवशी सोडली. अशा कंपन्यांकडे जाणाऱ्या पालकांना मी एकच विचारतो: पहिल्या महिन्यापासून पगार कोण देणार, हे त्यांनी लेखी दिलंय का?

तिने दुसरी आणि तिसरी वाट एकत्र धरली, नेटचा फॉर्मही भरून ठेवला.

पत्र कसं बदललं

पहिले दोन-तीन महिने तिने प्राध्यापकांना घाऊक पत्रं पाठवली. 'आदरणीय सर, आपल्या नामांकित विद्यापीठात संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे, सोबत बायोडेटा जोडला आहे.' एकच मजकूर, वरचं नाव तेवढं बदललेलं. एकाचंही उत्तर आलं नाही. असली पत्रं त्यांच्याकडे रोज येतात आणि न वाचता जातात.

इथे मी तिला पत्रं थांबवायला सांगितलं आणि वाचायला बसवलं. हैदराबादची एनजीआरआय ही राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि फ्रान्सची बीआरजीएम ही सरकारी भूवैज्ञानिक संस्था यांनी १९९९ मध्ये मिळून भूजल संशोधन केंद्र काढलं आणि हैदराबादजवळच्या महेश्वरम पाणलोटात कठीण खडकातल्या पाण्यावर बरीच वर्षं काम केलं. महेश्वरमचा खडक ग्रॅनाइट, आपला बेसाल्ट, पण भेगांमधल्या पाण्याचे प्रश्न जुळतात. त्या लेखांपासून सुरुवात करून, कोणी कोणाचा संदर्भ दिलाय हे पाहत पाहत ती आज या विषयावर काम करणाऱ्या युरोपातल्या गटांपर्यंत पोचली. डिसेंबरपर्यंत वहीत पंधरा-सोळा नावं जमली आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाचा एक लेख, तोही तिने खरोखर वाचलेला.

नवं पत्र दहा-बारा ओळींचं होतं. सुरुवातीला थेट मुद्दा: तुमच्या अमुक लेखात ग्रॅनाइटच्या झिजलेल्या थराची जाडी पाण्याचा साठा ठरवते असं आहे. माझ्या पाणलोटातल्या चाळीस विहिरींपैकी ज्यांत मे महिन्यात पाणी टिकलं, त्यांतल्या बहुतेक लाल मातीच्या पट्टीपर्यंतच खोदलेल्या आहेत. पट्टी फोडून खाली गेलेल्या विहिरी लवकर आटल्या. ही पट्टी पाणी धरून ठेवते असं मला वाटतं, पण हे तपासायचं कसं ते माझ्याकडे नाही. तुमच्या गटात अशा कामाला येत्या वर्षात जागा निघणार आहे का? खाली वर्षभराच्या पातळ्यांचा एकच आलेख.

या पत्रांना उत्तरं येऊ लागली. सगळ्यांची नव्हे, पण येऊ लागली. जर्मनीतल्या एका प्राध्यापकाने लिहिलं की पैसे नाहीत, पण डीएएडीला, म्हणजे शिष्यवृत्ती देणाऱ्या जर्मन संस्थेला, अर्ज करणार असलीस तर मी पाठिंब्याचं पत्र देईन. दुसऱ्या एका बाईंनी आलेखातल्या ऑगस्टच्या एका नोंदीवर शंका काढली. ती शंका बरोबर होती, तिने पुन्हा वही काढून नोंद दुरुस्त केली आणि तसं कळवलं. मला या सगळ्या प्रवासात हा सर्वांत मोठा बदल वाटतो. याआधी ती मागणारी होती. इथून पुढे ती त्यांच्याशी कामाबद्दल बोलत होती.

छापून आलेल्या दोन लेखांचं काय करायचं

बायोडेटात सर्वांत वर ते दोन लेख होते. दोन्ही पैसे भरून, आठवड्याच्या आत, कोणीही न तपासता छापलेले. एकात तर विहिरींच्या नोंदींचा काही भागही होता.

हा फक्त तिचा प्रश्न नाही. आपल्याकडे बढती, गुणांकन आणि पीएचडी नोंदणी या सगळ्यांसाठी छापील लेखांची संख्या मोजली गेली आणि त्या मागणीवर असल्या जर्नलांचा धंदा उभा राहिला. यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ जर्नलं एका फटक्यात काढली होती, त्यावरून पसारा कळावा. मुलं शिक्षकांच्या शब्दावर पैसे भरतात. बाहेरचा प्राध्यापक मात्र जर्नलचं नाव पाहून दोन मिनिटांत ओळखतो.

पर्याय तीन होते: लेख तसेच ठेवायचे, काढून टाकायचे, किंवा ठेवून खरं काय ते लिहायचं. तसेच ठेवू नयेत यावर एकमत होतं. मी तिसऱ्याच्या बाजूने होतो. तिने दुसरा निवडला. अर्जात उगाच खुलासे नकोत असं तिचं म्हणणं. त्याऐवजी तिने विहिरींच्या सगळ्या नोंदी स्वच्छ केल्या, प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहिला आणि तो संच झेनोडोवर ठेवला. झेनोडो ही सर्न या युरोपातल्या भौतिकी संशोधन संस्थेने चालवलेली संशोधनाच्या नोंदींची मोफत ऑनलाइन साठवणूक आहे आणि तिथे ठेवलेल्या संचाला डीओआय, म्हणजे ओळखीचा कायमचा क्रमांक, मिळतो. विहीरमालकांची नावं आणि गट क्रमांक काढले, कारण त्यांना विचारलं नव्हतं. बायोडेटात लेखांच्या जागी आता हा संच आणि प्रबंध आले.

शिफारसपत्रं

दोन शिफारसदार लागतात. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी नेहमीप्रमाणे 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सांगितलं. शिवाय अर्जाच्या पोर्टलला शिफारसदाराचा संस्थेचा ईमेल हवा होता आणि सरांचा सगळा व्यवहार जीमेलवर. विद्यापीठाचा ईमेल पत्ता चालू करून घेण्यात काही आठवडे गेले आणि त्यात एका जागेची मुदत हुकली.

तिने पत्र लिहून नेलं नाही. प्रबंधाचा दोन पानी सारांश, मोजणीच्या वहीच्या पानांचे फोटो आणि जाहिरात असं सगळं सरांपुढे ठेवलं आणि म्हणाली, "सर, तुम्हाला यातलं जे आठवतंय तेवढंच लिहा." पत्र लहान आलं, पण त्यांचं आलं. दुसरं पत्र प्रबंधाच्या वेळी शेतात सोबत फिरलेल्या एका भूवैज्ञानिकांचं होतं. ते मोठ्या पदावर नव्हते. भर उन्हात, मालक ओरडत असतानाही ही मुलगी तीन वेळा टेप सोडून सरासरी घेते, असं त्यांनी लिहिलं. हे पत्र वाचल्याचं पुढे मुलाखतीत दोघांनी बोलून दाखवलं.

इंग्लंडचा प्रस्ताव

मे २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने पीएचडीला प्रवेश दिला. घरात पेढे वाटले गेले. पत्रात वर्षाला सुमारे २२,००० पौंड शुल्क होतं आणि निधीबद्दल एक ओळही नव्हती. विद्यापीठ क्यूएसच्या पहिल्या ५०० मध्ये नव्हतं, म्हणजे राज्याची आणि केंद्राची, दोन्ही शिष्यवृत्त्या बाद. तीन वर्षांचं शुल्क आणि राहणं मिळून पाऊण कोटीच्या पुढे जात होतं.

नातेवाइकांपैकी कर्ज काढा म्हणणारे होते. गावात बातमी पसरली होती, आता नाही म्हणायचं कसं हाही ताण होता. आईचं म्हणणं वेगळंच: "इतक्या लांब कामून पाठवायलाव लेकराला, तेबी कर्ज काढून?" वय तेवीस, स्थळं येत होती.

तिने नकार कळवला. माझ्या मते हा सर्वांत कठीण आणि सर्वांत योग्य निर्णय होता. हातातलं पत्र सोडून, दुसरं काहीच हातात नसताना, वाट पाहायची तयारी तिने दाखवली. पीएचडीचं काम कधी कधी वर्ष-दीड वर्ष लांबतं. कर्जाच्या हप्त्याचं ओझं घेऊन परक्या देशात ते लांबणं झेपत नाही.

नकार आणि मधलं वर्ष

घरी बसायचं नाही म्हणून तिने अटल भूजल योजनेत कंत्राटी काम धरलं. राज्यातल्या ज्या तेरा जिल्ह्यांत ही योजना होती त्यांत लातूर होता. गावोगाव जाऊन ग्रामस्थांसोबत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पाऊस किती, उपसा किती, उरलं किती. पगार बेताचा होता, पण एका पाणलोटाबाहेरचा बेसाल्ट तिने या काळात पाहिला. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षाही याच पगारातून झाली. तेव्हा तिची फी सोळा हजारांच्या आसपास होती.

त्या हिवाळ्यात एका मारी क्युरी नेटवर्कच्या जागेसाठी ती मुलाखतीपर्यंत पोचली. देय रक्कम तेव्हा महिना ३,४०० युरो अधिक स्थलांतर भत्ता होती, त्यात देशानुसार फरक पडायचा आणि मालकाचा हिस्साही त्यातूनच वजा व्हायचा. निवड दुसऱ्याची झाली, ती राखीव यादीत पहिली राहिली. तिने आभार मानून एकच प्रश्न विचारला: मी कुठे कमी पडले? उत्तर दोन ओळींचं आलं. क्षेत्रकाम उत्तम, संगणकीय प्रतिमान बनवण्याचा अनुभव नाही आणि प्रकल्पाला तो पहिल्या वर्षापासून हवा होता.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मॉडफ्लो हे भूजलाचं प्रतिमान मोफत मिळतं आणि पायथन या संगणकभाषेतून ते चालवायला फ्लोपाय आहे. संध्याकाळी काम संपल्यावर तिने ते शिकायला घेतलं. सरावाचे ठोकळेबाज दाखले सोडून तिने थेट स्वतःच्या ओढ्याचं पाणलोट उभं केलं, लाल पट्टीला कमी पाझराचा थर दिला आणि स्वतःच्याच नोंदींशी ताडून पाहिलं. जुळणी अर्धवट होती. ती का अर्धवट आहे, यावर तिने दोन पानं लिहिली.

मुलाखत

मार्च २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाची जाहिरात आली: भेगाळलेल्या कठीण खडकातलं पुनर्भरण. जर्मनीतल्या त्याच प्राध्यापकाने, ज्याच्याकडे पैसे नव्हते, ती तिला पाठवली. पहिली फेरी ऑनलाइन, दुसऱ्या फेरीत पंधरा मिनिटांचं सादरीकरण.

दुसऱ्या फेरीत एका सदस्याने विचारलं, तुम्ही विहीर मोजायला गेलात आणि मालकाने तासाभरापूर्वीच मोटार चालवली असेल, तर त्या पातळीला अर्थ काय? तिने सांगितलं की आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट ठरावीक तासच असते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि पाळी बदलत राहते. त्यामुळे लाइट आली की सगळा शिवार एकदम उपसा करतो. ती फीडरचं वेळापत्रक लाइनमनकडून घ्यायची आणि लाइट यायच्या आधी मोजायची. ज्या दिवशी हे जमलं नाही त्या नोंदीपुढे वहीत फुली आहे आणि झेनोडोवरच्या संचात त्याचा वेगळा रकाना आहे. सदस्याने तिथल्या तिथे संच उघडून तो रकाना पाहिला. नंतर पर्यवेक्षकांनी तिला सांगितलं की निर्णय बराचसा त्या क्षणी झाला.

हा तपशील तिच्या एकाही अर्जात नव्हता. लाइटची पाळी ही काय सांगायची गोष्ट, असं तिला वाटत होतं. मराठवाड्यातली मुलं जे शहाणपण अंगावर घेऊन फिरतात त्याला ती शहाणपण म्हणत नाहीत, म्हणून ते कागदावर येत नाही. अर्ज वाचताना मला हे पुन्हा पुन्हा दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं.

ते दोन लेखही निघालेच. कोणीतरी गुगल स्कॉलरवर नाव शोधलं होतं. ती म्हणाली की ते पैसे भरून, कोणी न तपासता छापलेले आहेत, म्हणून मी ते मोजत नाही; मूळ नोंदी संपूर्ण स्वरूपात खुल्या आहेत, त्या तपासा. पुढचा प्रश्न मॉडफ्लोच्या अर्धवट जुळणीवर आला.

मे महिन्यात नेमणुकीचं पत्र आलं. आईने विचारलं, "पगार देऊन शिकवतेत व्हय?" हो म्हटल्यावर घरातला विरोध बराच मावळला. लग्नाचा विषय वडिलांनी चार वर्षं पुढे ढकलला, तसं भावकीत सांगूनही टाकलं.

कागदपत्रं

व्हिसाचा अर्ज तिथे विद्यापीठच करतं, त्यामुळे तो भाग सोपा गेला. अडलं ते जन्मदाखल्यावर. तिकडच्या नगरपालिकेत नोंद करायला अपोस्टिल केलेला, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारने प्रमाणित केलेला, जन्मदाखला लागतो आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत तिचं नाव नव्हतं, नुसतं 'मुलगी' होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून नाव चढवणं, इंग्रजी प्रत, मग अपोस्टिल, यात पावसाळा गेला आणि सप्टेंबरची रुजू तारीख ऑक्टोबरवर गेली. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नाव आधी, यासाठीही विद्यापीठाकडून एक पत्र घ्यावं लागलं.

निष्पत्ती

करार एकूण चार वर्षांचा. पहिल्या वर्षाअखेर मूल्यमापन आणि ते पार पडलं तर पुढची तीन वर्षं. सप्टेंबर २०२४ पासूनच्या डच विद्यापीठांच्या सामूहिक करारानुसार पीएचडी संशोधकाचा पहिल्या वर्षाचा पगार करापूर्वी महिना २,९०१ युरो आणि चौथ्या वर्षाचा ३,७०७ युरो होता. शिक्षण शुल्क नाही. २०२५ च्या शरद ऋतूत तिचं मूल्यमापन झालं आणि करार पुढे वाढला. लाल पट्टीचा प्रश्न आता तिच्या प्रबंधाचं एक प्रकरण आहे आणि त्यासाठी ती पुढच्या उन्हाळ्यात मोजणीला गावी येणार आहे.

वेगळं काय करता आलं असतं

शोध एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातच सुरू व्हायला हवा होता. युरोपातल्या बऱ्याच जाहिराती हिवाळ्यात आणि वसंतात निघतात आणि पदवी हातात यायच्या आधीही, ती अमुक महिन्यात मिळेल असं लिहून अर्ज करता येतो. तसं केलं असतं तर निदान एक हंगाम वाचला असता.

शिष्यवृत्तीची वाट तिने लवकर सोडली, असं माझं मत आहे. आधी प्रवेश आणि मग क्रमवारी पाहणं, हा क्रम उलटा झाला. क्रमवारीच्या अटीत बसणारी विद्यापीठं आधी काढून, त्यांपैकी कुठे कठीण खडकातल्या भूजलावर काम चालतं ते पाहायला हवं होतं. डेल्फ्ट, उट्रेख्त, झुरिकचं ईटीएच ही सगळी त्या यादीत बसतात. स्वतःचा निधी घेऊन येऊ शकणाऱ्या उमेदवाराचं पत्र प्राध्यापक वेगळ्या नजरेने वाचतो, कारण त्याची सर्वांत मोठी अडचण आधीच सुटलेली असते. ती मात्र हे वेगळ्या तऱ्हेने पाहते. पगारी जागेत दर वर्षी हप्ता मंजूर होण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून आपण योग्य तेच केलं असं तिचं म्हणणं. दोन्हींत तथ्य आहे.

लेखांबद्दल मुलाखतीत तिने नीट उत्तर दिलं, म्हणून निभावलं. प्रश्न विचारण्याची संधीच न देता कोणी अर्ज बाजूला ठेवला असेल तर ते कधी कळणारही नाही. बायोडेटाच्या शेवटी एक सरळ वाक्य असतं तर ती शंका राहिली नसती. आता तीही तेच म्हणते.

जन्मदाखल्याचं काम पहिला अर्ज करायच्या दिवशीच सुरू करता येतं, त्याला कोणाच्या निवडीची गरज नसते. तिच्या विभागाने गेल्या वर्षीपासून शेवटच्या सत्रातल्या प्रबंधांच्या नोंदी झेनोडोवर ठेवायला घेतल्या आहेत. शिक्षकांचे संस्थेचे ईमेल पत्ते मात्र अजून सगळ्यांचे चालू झालेले नाहीत आणि या हिवाळ्यात तिथून निदान तीन विद्यार्थी अर्ज करणार आहेत.